५ तास ३२ मिनिटं

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या पूर्व बाजूला, नव्वदाव्या रस्त्याच्या तोंडाशी एक पुतळा आहे. डोक्यावर टोपी, अंगात धावण्याचे कपडे, तोंडावर दाढी आणि नजर मनगटावरच्या घड्याळाकडे. घोडा नाही, तलवार नाही, उंचावलेलं बोटही नाही. या पुतळ्याची आणखी एक गंमत आहे. तो दरवर्षी आपली जागा सोडतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी शहराची मॅरेथॉन असते. त्याआधी त्याला उचलून शर्यतीच्या अंतिम रेषेजवळ नेऊन ठेवतात आणि शर्यत आटोपली की परत मूळ जागी आणतात. आपल्याकडे पुतळा एकदा बसला की कबुतरांचा आणि जयंती-पुण्यतिथीच्या हारांचा धनी होतो. हा पुतळा मात्र मेल्यानंतरही कामावर हजर होतो.

पुतळा आहे फ्रेड लेबोचा. तो राजकारणी नव्हता, लेखक नव्हता आणि धावण्यातही कुणी अव्वल नव्हता. तरीही जगातल्या मोठ्या शहरांत वर्षातून एक दिवस रस्ते मोटारींकडून काढून घेऊन माणसांना धावायला दिले जातात, त्यामागे या माणसाचा वाटा फार मोठा आहे. २००४ पासून मुंबईत जानेवारीत जो सोहळा होतो, तो याच कुळातला.

मी स्वतः धावपटू नाही. आयुष्याची उमेदीची वर्षं बँकेच्या खुर्चीत गेली आणि उरलेली लिहिण्याच्या टेबलाशी, म्हणजे पुन्हा खुर्चीतच. पण साठी ओलांडल्यावर सकाळी मैदानावर जायला लागलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. तिथल्या निम्म्या लोकांच्या मागे एक तारीख असते. कुणाची बायपासची, कुणाची अँजिओप्लास्टीची, कुणाच्या किमोच्या शेवटच्या सलाइनची. बोलणं राजकारणावर आणि पेन्शनवर चालतं, पण मनात सगळ्यांच्या एकच प्रश्न असतो. तो डॉक्टरला विचारण्याचा धीर सहसा होत नाही. मी पुन्हा पहिल्यासारखा होईन का? लेबोचं आयुष्य या प्रश्नाला एक उत्तर देतं. ते सरळ ‘हो’ असं नाही, म्हणूनच मला ते सांगावंसं वाटतं.

लेबोचा जन्म ३ जून १९३२ चा, रुमानियातल्या आराद गावचा. घर धर्मनिष्ठ ज्यू, भावंडं सात. खरं नाव फिशेल लेबोविट्झ. त्या काळात, त्या प्रदेशात ज्यू घरात जन्म घेणं म्हणजे काय होतं, हे वेगळं सांगायला नको. नाझींच्या तडाख्यातून तो वाचला. युद्ध संपलं तर देशात कम्युनिस्टांची सत्ता येऊ लागली. कोवळ्या वयातच त्यानं देश सोडला, युरोपात इकडेतिकडे दिवस काढले आणि अखेर अमेरिका गाठली. घर सुटलं, भाषा सुटली, नावही अर्धं झालं. नव्यानं सुरुवात करणं या माणसाच्या अंगवळणी लहानपणीच पडलं होतं.

न्यूयॉर्कमध्ये तो कापडाच्या धंद्यात शिरला. नामवंत डिझायनरांचे महागडे पोशाख बघायचे, तसेच स्वस्तात शिवून घ्यायचे आणि दुकानांना विकायचे, असा तो व्यवसाय. चोख म्हणावा असा नाही, पण त्यात एक नजर लागते. श्रीमंतांपुरती असलेली गोष्ट चार सामान्य माणसांच्या अंगावर कशी चढवायची, ही ती नजर. पुढे धावण्याच्या बाबतीत त्यानं नेमकं हेच केलं.

तो धावायला लागला तो टेनिससाठी. दम कमी पडतो म्हणून सेंट्रल पार्कमधल्या तलावाभोवती पळू लागला आणि टेनिस बाजूला राहिलं. तेव्हा, म्हणजे १९६० च्या दशकाच्या अखेरीस, रस्त्यानं चड्डी घालून पळणारा मोठा माणूस दिसला की लोक एकतर हसत, नाहीतर कुणाचा पाठलाग चाललाय असं समजत. धावणाऱ्यांच्या क्लबाच्या शर्यती ब्राँक्स भागातल्या आडरस्त्यांवर होत. लेबो त्यांत उतरायचा आणि पार मागच्या घोळक्यात असायचा. पण त्याला वाटलं, हे सगळं आडबाजूला का? शहराच्या मध्यभागी का नाही?

१३ सप्टेंबर १९७० रोजी व्हिन्स चिआपेटा या सहकाऱ्याच्या जोडीनं त्यानं सेंट्रल पार्कमध्ये न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन भरवली. बागेतल्या रस्त्याला चारहून अधिक फेऱ्या मारून २६ मैल, म्हणजे ४२ किलोमीटरांहून थोडं जास्त अंतर पुरं करायचं. प्रवेश फी एक डॉलर. स्पर्धक १२७, त्यांतले शेवटपर्यंत पोचले ५५. बघायला शंभरेक माणसं. बक्षिसं म्हणून स्वस्तातली घड्याळं आणि जुन्या बोलिंग स्पर्धांचे चषक. पहिला आला गॅरी मर्की नावाचा अग्निशमन दलातला जवान. आयोजक लेबो स्वतःही धावला. ४ तास १२ मिनिटं लागली, नंबर आला ४५ वा. हा ४ तास १२ मिनिटांचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचं काम आहे.

दोन वर्षांनी तो ‘न्यूयॉर्क रोड रनर्स’ या क्लबाचा अध्यक्ष झाला. त्या वेळी सभासद काहीशे होते, त्याच्या हयातीतच ते तीस हजारांच्या घरात गेले. त्याच वर्षी, १९७२ मध्ये, क्लबानं केवळ स्त्रियांसाठी रस्त्यावरची शर्यत भरवली. लांब पल्ल्याचं धावणं बायकांना झेपत नाही असं तेव्हा शहाणी माणसंसुद्धा मानत. त्या सालच्या मॅरेथॉनमध्ये राष्ट्रीय संघटनेचा नियम होता की स्त्रियांनी पुरुषांच्या दहा मिनिटं आधी निघावं, त्यांची शर्यत वेगळी धरली जाईल. सहा जणींनी काय करावं? इशारा झाला आणि त्या फलक घेऊन रेषेवरच खाली बसल्या. दहा मिनिटांनी पुरुषांसाठी इशारा झाला तेव्हा उठल्या आणि त्यांच्याबरोबर धावल्या. लेबोची या बायकांना फूस होती.

१९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली. त्या निमित्तानं ही शर्यत बागेतून बाहेर काढून शहराच्या पाचही विभागांतून न्यावी, अशी कल्पना निघाली. कल्पना दुसऱ्याची, सुरुवातीला लेबोलाच ती अशक्य वाटली होती. पण एकदा मनावर घेतल्यावर त्यानं पोलिस, पालिका, पुलांचे अधिकारी, पैसे देणारे धनिक सगळ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. स्टेटन आयलंडच्या अवाढव्य पुलावरून दोन हजार माणसं निघाली आणि ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स करत मॅनहॅटनमध्ये पोचली. ज्यू वस्ती, इटालियन वस्ती, काळ्यांची वस्ती, एरवी एकमेकांच्या गल्लीत पाऊल न टाकणारी माणसं त्या दिवशी दारात उभी राहून परक्यांना पाणी देत होती.

लेबो संत नव्हता, हेही सांगायला हवं. हट्टी होता, प्रसिद्धीचा भुकेला होता, लोकांना अर्ध्या रात्री कामाला लावायचा. हौशी खेळाडूंना पैसे देणं नियमाविरुद्ध होतं त्या काळात नामांकित धावपटूंना तो चोरून पैसे द्यायचा. संसार असा फारसा नव्हताच. लहानशा घरात राहायचा आणि समारंभांनाही पळण्याच्या कपड्यांत जायचा. क्लब हाच त्याचा प्रपंच.

१९७८ मध्ये नॉर्वेतली एक शाळामास्तरीण त्यानं बोलावून घेतली. नाव ग्रेटे वाइट्झ. ती मैदानावरच्या कमी अंतराच्या शर्यतींतली. मॅरेथॉन कधी धावलेली नव्हती. लेबोचा हिशेब असा की पहिले काही मैल ही वेग राखून देईल, बाकीच्या तिच्यामागे पळतील. ती आणि तिचा नवरा न्यूयॉर्क बघायला मिळेल म्हणून आली. शेवटच्या टप्प्यात पाय असे भरून आले की तिनं मनातल्या मनात नवऱ्याला लाखोली वाहिली. पण रेषेवर पोचली तेव्हा तिनं स्त्रियांचा जागतिक विक्रम दोन मिनिटांहून अधिक फरकानं मोडला होता. पुढच्या दहा वर्षांत ती ही शर्यत आणखी आठ वेळा जिंकली. आयोजक आणि धावपटू यांच्यात व्यवहारापलीकडचा जिव्हाळा निर्माण झाला.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. जगभर हिंडून लेबो साठाहून अधिक मॅरेथॉन धावला, पण पाच विभागांतून जाणारी स्वतःची मॅरेथॉन तो कधी धावलाच नाही. त्या दिवशी तो पुढच्या गाडीत उभा राहून ओरडत असायचा. लग्नघरातला यजमान पंगतीला बसत नाही, तसं.

१९९० च्या सुरुवातीला निदान झालं. मेंदूचा कर्करोग. वय ५७. काही महिन्यांचीच मुदत आहे, असं सांगण्यात आलं.

अशा निदानानंतर माणसाचं काय होतं हे आपल्यापैकी पुष्कळांनी घरात पाहिलेलं असतं. आजार शरीर धरतो तो धरतोच, पण त्याआधी तो माणसाची ओळख काढून घेतो. कालपर्यंत जो वकील, गवई, शिक्षिका असतो तो आज ‘पेशंट’ होतो. सगळे हळू आवाजात बोलू लागतात आणि ग्लाससुद्धा उचलू देत नाहीत. लेबोनं माउंट सायनाय रुग्णालयात एक साधी गोष्ट केली. तो पलंगावरून उतरला आणि वॉर्डाबाहेरच्या बोळात चालू लागला. फेऱ्या मोजू लागला. अंगात शक्ती नव्हती, किमोथेरपी आणि किरणोपचारांनी केस गेले होते. पण फेऱ्या मोजणारा माणूस पेशंट नसतो, तो सराव करणारा असतो.

त्या काळी कर्करोगाच्या रुग्णाला विश्रांतीच सांगत. हृदयविकाराचंही एकेकाळी तसंच होतं, आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहायचं. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना हळूहळू हिंडतंफिरतं केलं आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा निवडून आले. लोकांची समजूत बदलायला तिथून सुरुवात झाली. नुसतं पडून राहणं किती महाग पडतं, याचा एक प्रयोग १९६६ साली टेक्सासमधल्या डल्लास इथं झाला. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांची दमाची ताकद मोजली तर ती धाडकन खाली आलेली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना शोधून पुन्हा तपासलं. पन्नाशीतल्या त्या पुरुषांची तीस वर्षांच्या वयानं जेवढी हानी केली होती, त्याहून जास्त हानी तरुणपणी तीन आठवड्यांच्या झोपण्यानं केली होती! याच्याच पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. सहा महिने बेताबेतानं सराव दिल्यावर वयानं घालवलेली ती ताकद त्यांना परत मिळाली.

म्हणजे वाट आहे, पण ती बोळातल्या फेरीपासून सुरू होते. बोळातून अंगणात, अंगणातून रस्त्यावर. आधी चालणं, मग चालता चालता दोन खांबांपुरतं पळणं. धडधाकट असताना माणूस शरीराला हुकूम देतो. आजारातून उठल्यावर त्याला विचारावं लागतं. सगळ्यांत अवघड असतं ते जुन्या आकड्यांना विसरणं. पूर्वी जे अंतर गप्पा मारत तोडलं, तिथं आता छाती भरून येते. त्या क्षणी पुष्कळ जण सोडून देतात. शरीर नाही म्हणतं म्हणून सोडत नाहीत. हा असला मी मला नको, असं वाटतं म्हणून सोडतात.

लेबोला इथं त्याचीच पुण्याई उपयोगी पडली. वीस वर्षं त्यानं हेच तर सांगितलं होतं की धावणं फक्त पहिल्या येणाऱ्यांसाठी नाही. रस्ता शेवटच्या माणसाचाही आहे. तो स्वतः कधी वेगवान नव्हता, त्यामुळे हळू पळण्याची लाज कशी असते आणि ती कशी टाकायची हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्यांसाठी बांधलेल्या धर्मशाळेत शेवटी मालकालाच आसरा मिळावा, तसं झालं.

रोग मागे हटला. मुदतीचे महिने उलटून गेले. १९९२ मध्ये साठी आली आणि ती आपली मॅरेथॉन धावून साजरी करायची, असं त्यानं ठरवलं. बरोबर धावायला ग्रेटे वाइट्झ तयार झाली.

१ नोव्हेंबर १९९२. त्या दिवशी पुरुषांत पहिला आला विली म्टोलो, दक्षिण आफ्रिकेचा काळा धावपटू. वर्णद्वेषामुळे त्याच्या देशावर असलेली बंदी नुकतीच उठली होती. त्याला लागले २ तास ९ मिनिटं आणि काही सेकंद. तो हार घालून मोकळा झाला तेव्हा लेबो आणि ग्रेटे यांचं निम्मंही अंतर झालेलं नव्हतं. दर किलोमीटरला जवळजवळ ८ मिनिटं, असा त्यांचा वेग. झपाट्यानं चालणाऱ्याहून थोडा जास्त, एवढाच. नऊ वेळा ही शर्यत जिंकलेली बाई त्याच्या पावलाशी पाऊल जुळवत होती. ज्यांना वेगाची सवय असते त्यांना इतकं हळू धावणं सोपं नसतं. पाय रस्त्यावर दुप्पट वेळ राहतात, प्रत्येक सांधा तक्रार करतो. आपण जे अडीच तासांत उरकतो, ते करायला मागची माणसं पाच-पाच तास रस्त्यावर असतात, याचा अर्थ तिला त्या दिवशी कळला. मधल्या पुलांच्या चढणी, उतरती दुपार, आणि सगळ्या शहरानं त्याच्या नावाचा धरलेला घोष. मॅनहॅटनमध्ये शिरल्यावर तर लोक त्याला बघायलाच थांबले होते.

रेषा ओलांडली तेव्हा ५ तास ३२ मिनिटं होऊन गेली होती. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली.

आता तो आधीचा आकडा आठवा. ४ तास १२ मिनिटं. बँकेतल्या माणसाच्या नजरेनं वहीत मांडायचं तर ही ८० मिनिटांची तूट. पण आजारानंतरचा जमाखर्च जुन्या वहीत मांडायचाच नसतो. ते खातं बंद झालं. नवं खातं शून्यानं उघडतं, आणि त्यातली पहिली जमा रुग्णालयाच्या बोळातली एक फेरी असते. तिथून बघितलं तर या ५ तास ३२ मिनिटांत तूट कुठं आहे?

गोष्ट इथं संपवली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. रोग परत आला. १९९३ मध्ये लेबोनं क्लबाची सूत्रं आपला जुना सहकारी ॲलन स्टाइनफेल्ड याच्याकडे दिली आणि ९ ऑक्टोबर १९९४ रोजी मॅनहॅटनमधल्या आपल्या घरी तो गेला. वय ६२. त्या सालची मॅरेथॉन महिन्याभरावर आली होती. पुतळ्याचं अनावरण तिच्या आधी काही दिवस झालं. शर्यतीत मेक्सिकोचा हेर्मान सिल्वा शेवटच्या मैलात चुकीच्या वळणाला लागला, चूक लक्षात येताच मागं फिरला आणि पुढे गेलेल्या सोबत्याला गाठून दोन सेकंदांनी जिंकला. लेबोला हे पाहायला मिळायला हवं होतं, असं वाटत राहतं.

धावण्यानं त्याला मरणापासून वाचवलं नाही. तसं ते कुणालाच वाचवत नाही. सगळ्या अमेरिकेला पळायला लावणारं पुस्तक १९७७ मध्ये लिहिणारा जिम फिक्स १९८४ साली पळून येतानाच हृदयविकारानं गेला, अवघ्या ५२ व्या वर्षी. त्याच्या वडिलांचं हृदय ऐन तारुण्यात दगा देऊन गेलं होतं. वारसा असा होता, आणि रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. म्हणून आजारातून उठलेल्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय, आवश्यक त्या तपासण्या केल्याशिवाय उत्साहाच्या भरात पळू नये. छातीत दाटलं, चक्कर आली, तर तो सराव नव्हे, तो इशारा आहे.

पण जे लेबोनं नुसत्या हट्टानं केलं त्यामागं शास्त्रही आता उभं राहिलं आहे. २०१० पासून कर्करोगाच्या रुग्णांना उपचारांदरम्यान आणि नंतरही झेपेल तेवढा व्यायाम सांगतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेला एक दीर्घ अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचारांनंतर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी आठ वर्षांनी शंभरातले सुमारे ९० जण हयात होते. ज्यांना फक्त माहितीची पुस्तिका दिली होती त्यांच्यातले ८३. शंभरात सात माणसं म्हणजे सात घरं.

ग्रेटे वाइट्झनं त्या दिवशीचं धावणं मनात जपून ठेवलं होतं. २००५ मध्ये तिलाही कर्करोग झाल्याचं निघालं. तिनं उपचार घेतले, व्यायाम चालू ठेवला आणि २००७ मध्ये एक संस्था स्थापन केली. नॉर्वेतल्या रुग्णालयांत कर्करोगाच्या रुग्णांसाठी व्यायामाच्या जागा उभ्या करायच्या, हे त्या संस्थेचं काम. १९ एप्रिल २०११ रोजी, ५७ व्या वर्षी ती गेली. आजही तिथं कुणीतरी उपचारांच्या मधल्या दिवसांत येतं आणि हळूहळू पाय हलवू लागतं. बोळात फेऱ्या मोजणाऱ्या त्या माणसाला आता स्वतंत्र खोली मिळाली आहे, एवढंच.

आपल्या मैदानांवर, बागांमध्ये, सोसायटीच्या गच्चीवर अशी माणसं रोज दिसतात. शर्टाच्या वरच्या बटणातून टाक्यांची रेघ दिसते, डोक्याला रुमाल असतो, बरोबर मुलगी किंवा बायको असते. आपण त्यांना ओलांडून पुढे जातो. जाताना क्षणभर थांबून चौकशी करायला हरकत नाही. आज किती फेऱ्या झाल्या, एवढंच विचारावं. पूर्वी किती व्हायच्या, हे विचारू नये.